डेबियनवर न बसलेला आवाज

सुरुवातीलाच सांगते, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. धारवाडकडच्या तारिहाळच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळते. 'आपोआप बिघडलं' म्हणून रोज इतकी मशिनं माझ्यापुढे येतात की आपोआप काही होतं यावरचा विश्वास केव्हाच उडालाय. तरीही हे लिहितेय... कारण डोक्यातून जात नाही.

माझे काका, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, नवनगरला राहतात. शाळामास्तर होते. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून काकू रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायची. पेपर कन्नड, वाचन मराठी. डोळे कन्नड ओळीवर आणि तोंडातून सरळ मराठी, कुठे अडखळणं नाही. आमच्याकडे हे बरेच जण करतात, पण काकू त्यात आपल्या सूचनाही घालायची. बातमी कुठे संपली आणि काकू कुठे सुरू झाली, ते फक्त अप्पांना कळायचं.

ती आजारी पडली तेव्हा तिच्या भाच्याने तिचा आवाज रेकॉर्ड करून एक वाचणारा प्रोग्रॅम बनवला. तो फक्त मराठी वाचायचा, कन्नड अक्षर दिसलं की गप्प. काकू गेल्यावर अप्पा मराठी पेपर त्या आवाजात ऐकायचे. त्यांची सकाळ त्यावरच निघायची.

मग एकदा व्होल्टेज वर-खाली झालं आणि कॉम्प्युटर डिस्कसकट जळाला. उरला एक पेनड्राइव्ह, त्यात त्या प्रोग्रॅमचं पॅकेज — तेही जुन्या उबुंटूसाठी, म्हणजे विंडोजसारख्याच एका फुकट सिस्टिमसाठी बनवलेलं. भाचा परदेशात, मूळ कोड नाही, रेकॉर्डिंगही नाही. मी कारखान्यातून निघालेला एक कॉम्प्युटर आणला, त्यावर डेबियन होतं, तशीच दुसरी सिस्टिम. उबुंटू निघालंय डेबियनमधूनच... म्हटलं, घरातल्या घरात आहे, बसेल.

बसलं नाही. पॅकेजला एका लायब्ररीची, म्हणजे ज्याच्या आधाराने ते चालतं त्या तयार कोडची, जुनी आवृत्ती हवी, डेबियनकडे नवी. जुनी आणून घातली तर तिला आणखी एक जुनी हवी. ती घालायला गेलं की डेबियन विचारणार, मग अर्धा डेस्कटॉप काढून टाकू का? जुनं उबुंटूच टाकून पाहिलं, तर त्याला या मशीनचं साउंड कार्ड ओळखेना. कितीतरी रविवार त्यात गेले. चूक कुणाचीच नाही, आणि त्यानेच माणूस जास्त दमतो.

मधल्या काळात अप्पांना कॉम्प्युटरमधला तयार आवाज लावून दिला. दोन वाक्यं ऐकून म्हणाले, "रेशनच्या रांगेत नाव पुकारल्यासारखं वाटतंय की गं." बंद करायला लावलं. पेपर सुटला, मग बोलणं कमी झालं. जेवताना अर्ध्या पानावरून उठायला लागले, तेव्हा मला भीती वाटली.

त्या रविवारी सकाळी शेवटचा प्रयत्न केला. तोच एरर. मी सगळं पुसून डेबियन नव्याने टाकलं, पेनड्राइव्ह पर्समध्ये ठेवला. नेट चालतंय का बघायला कन्नड पेपरची साइट उघडली आणि तशीच सोडली.

"अप्पा, नाही होत हो."

"होगली बिडु, सुमा," ते म्हणाले. "जाऊ दे. चहा टाक की. बसून बसून पाठ गेली असेल तुझी."

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

चहाचं पाणी उकळायला लागलं आणि बाहेरच्या खोलीतून काकूचा आवाज आला. तिच्याच लयीत. "उद्या नवनगर भागात नळाला पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा. मागचं पिंप आधी घासून घ्या, तळाला शेवाळ धरलंय."

मी गॅस बंद करून बाहेर आले. अप्पा खुर्चीत पुढे वाकून बसले होते. आवाज स्पीकरमधूनच आला होता, आता थांबला होता. स्क्रीनवर पाण्याचीच बातमी होती, कन्नडमध्ये. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. पाणी येणार नाही, एवढंच होतं. पिंपाचं अवाक्षर नाही.

"ऐकलंस ना?" अप्पा शांतपणे म्हणाले. "घास की पिंप."

मी मागे गेले, पिंप आडवं केलं. तळाला हिरवंगार शेवाळ होतं. घासता घासता रडू आलं. त्या दुपारी अप्पा पोटभर जेवले.

नंतर मशीन तपासलं. पॅकेज नव्हतं. लॉगमध्ये काही बोलल्याची नोंद नव्हती. कारखान्यातला सहकारी म्हणाला, मेमरीत काहीतरी राहिलं असेल. मी 'असेल' म्हटलं, वाद घालायचं त्राण नव्हतं. पण कन्नडचं मराठी कुणी केलं, आणि शेवाळ कुणी बघितलं? मला आजही सांगता येत नाही. तो आवाज पुन्हा आला नाही.

आता कामावर निघण्याआधी मीच अप्पांना फोनवर कन्नड पेपर मराठीत वाचून दाखवते. अडखळते, शब्द शोधते. परवा धारवाडकडे थंडी वाढल्याची बातमी होती. त्याच सुरात मी पुढे वाचून गेले, "मफलर घेतल्याशिवाय फिरायला बाहेर पडू नका."

अप्पांनी मला थांबवलं.

"हे पेपरात आहे?"

"नाही."

"मग बरोबर वाचतीयस," ते म्हणाले. "पुढचं वाच की."