चौथ्या पायरीचा आवाज

चौथ्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून कट् असा आवाज आला. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मी पाय उचललाच नाही. उचलला तर दुसरा आवाज येईल अशी भीती वाटली.

दुपारचे चार वाजले असतील. वांगणीच्या त्या फार्महाउसच्या मागे नवी हिरवळ, वर लाकडी डेक, डेकवर जायला आम्ही केलेला नऊ पायऱ्यांचा गोल वळणाचा लाकडी जिना, आणि त्याच्यावर मी, पन्नास किलोची. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. मालकांची आई, ऐंशीच्या पुढची, हातात कलश घेऊन याच जिन्याने वर जाणार होती. तिच्या मागे सगळं गोत. मग जिन्यावरच सगळ्यांचा फोटो.

बाबा वर डेकच्या कठड्याला पॉलिशचा शेवटचा हात मारत होते. त्यांनी विचारलं, काय गं, थांबलीस का. मी म्हटलं, काही नाही.

हे ‘काही नाही’ माझ्या तोंडून गेलं, आणि मी कोण? अंबरनाथच्या कारखान्यांच्या गेटवर उभं राहून कामगारांच्या हातात युनियनची पत्रकं कोंबणारी. त्यातली निम्मी मीच लिहिलेली. पहिलीच ओळ: ‘धोका दिसला की काम थांबवा. तोंड उघडा.’ ज्यांना तोंड उघडलं की दुसऱ्या दिवशी गेटबाहेर काढतात, त्यांना मी हे सांगत होते. मला कोण काढणार होतं? बाप?

पण आधी जिन्याचं सांगते.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये बाबांचा सुतारकामाचा गाळा आहे. सोफे, कपाटं, कापडदुकानांचे काउंटर. गोल काम म्हटलं की बाजार बाबांकडे येतो. हा जिना त्यांनी आधी अगदी नीट केला होता. सागाच्या पाव इंची पातळ पट्ट्या, एकावर एक आठ, मध्ये पाण्यात न सुटणारा डिंक, साच्यावर वाकवून क्लॅम्प मारून दोन दिवस तसंच ठेवायचं. क्लॅम्प काढले की पट्ट्यांची एकच जाड, वळलेली फळी होते. अशा दोन फळ्या, एक आतल्या बाजूची, एक बाहेरच्या. त्यांच्यात पायऱ्या बसतात आणि सगळा भार त्या फळ्याच घेतात. आठच पायऱ्या ठरल्या होत्या, पण मालकांना विषम हव्या होत्या म्हणून नऊ झाल्या. त्याने पायरीची उंची कमी झाली आणि आजींच्या गुडघ्यांचं भलं झालं. आजी एकदा काम बघायला गाळ्यावर आल्या होत्या. फळीवर हात फिरवून मला म्हणाल्या, “मला झेपेल ना गं हा?” मी म्हटलं, हत्ती चढला तरी काही होणार नाही.

मग वास्तुशांतीला चार दिवस असताना कंत्राटदाराचा फोन आला. बदलापूरकडचा माणूस, बाबांना अनेक वर्षं काम देणारा. म्हणाला, जिना चढताना डावीकडे वळतोय, वास्तूवाल्याने मोडता घातलाय, उजवीकडे वळायला पाहिजे. दोन्ही फळ्या तयार होत्या. मी म्हटलं, उलट्या करून लावू. बाबांनी खिशातला स्क्रू काढून माझ्यासमोर धरला, मग डोकं खाली करून धरला. “आता उलटा फिरेल काय हा?” नाही फिरणार. वळण तेच राहतं. म्हणजे नवीन फळ्या, नवीन साचा. चार दिवसांत ते होत नाही. होत नाही, हे सरळ सांगायचं होतं. बाबांना ते जमत नाही. दिलेली तारीख त्यांनी कधी चुकवलेली नाही, आणि याच गोष्टीचा मला लहानपणापासून अभिमान वाटत आलाय. आता राग येतो. त्या वास्तूवाल्याचा येतो, कंत्राटदाराचा येतो, पण फोन ठेवून “बघतो” म्हणणाऱ्या माझ्या बापाचाही येतो.

बाबांनी काउंटरची पद्धत काढली. दुकानाचा गोल काउंटर असाच होतो: जाड प्लायला मागून ओळीने खाचा मारायच्या, पुढचा पातळ थर तेवढा ठेवायचा, मग तो पुठ्ठ्यासारखा वाकतो. खाचांत डिंक आणि भुसा भरायचा. मागची बाजू कुणाला दिसत नाही. आमच्या बाजारातले सिंधी शेठ येतात तेच म्हणत, “साईं, सामने से चकाचक चाहिए.” पुढून चकाचक. सगळं आयुष्य हेच केलं आम्ही, आणि काउंटरवर कधी कुणी उभं राहत नाही म्हणून निभावलं.

खाचा मी मारल्या. बाबांचा खांदा दुखत होता. ते म्हणाले, पुढे तीन सूत ठेव. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाहेरच्या फळीवर मशीनचा खोली ठरवणारा स्क्रू ढिला झाला आणि सहा खाचा खोल गेल्या. एक सूत उरलं असेल, कुठे तेही नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा बाबा दुसऱ्या फळीवर वाकलेले होते. मी डिंक आणि भुसा घेतला आणि त्या सहा खाचा भरल्या. वरून घासलं. छान दिसत होतं.

त्याच सहा खाचा आता चौथ्या पायरीखाली होत्या.

संध्याकाळी टेम्पोत घरी येताना बाबा खुशीत होते. निदान मला तसं वाटलं. बदलापूर गेलं, अंबरनाथ गेलं, मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला प्रत्येक इमारतीचा जिना दिसत होता. घरी जेवले नाही. आईला वाटलं, ऊन लागलं. डोळे मिटले की आजींचा पाय दिसायचा, जाडसर, चांदीची जोडवी घातलेला, हळू उचललेला.

सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नारळ आणि टॉवेल-टोपी देऊन कारागिराचा मान करणार होते ना. चिखलोलीजवळ पोचलो. मी म्हटलं, बाबा, गाडी बाजूला घ्या.

त्यांना वाटलं मला उलटी होतेय. मी सांगितलं. एका दमात, रस्त्याकडे बघत.

“किती खाचा?”

“सहा. बाहेरच्या फळीवर. एकच सूत उरलंय.”

त्यांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, “तीन सूत असतं तरी ते काउंटरचंच काम होतं. काल चौथ्या पायरीला आवाज आला, तो मीपण ऐकला.”

तेव्हा मला खरी भीती वाटली. आदल्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, बाबांना माहीत नाही म्हणून ते गप्प आहेत. आम्ही दोघांनी तोच आवाज ऐकला होता आणि एकमेकांना ‘काही नाही’ असंच दाखवलं होतं.

पोचलो तेव्हा पूजा आटपत आली होती. जिन्याला झेंडूच्या माळा. बाबांनी कंत्राटदाराला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उतरला, पण डोकं जोरात चालू होतं. म्हणाला, खालून चार बांबू लावू, वर गालिचा टाकू, दोन तास निघू दे, उद्या काय ते बघू. “इतक्या लोकांसमोर माझी काशी करणार काय तुम्ही?” बाबा जिन्याखाली बघत होते, बांबू कुठे बसतील ते मोजत असल्यासारखे. मला कळलं की ते हो म्हणणार आहेत.

आणि आजी निघाल्या. हिरवी नऊवारी, दोन्ही हातांत कलश, म्हणजे कठडा धरायला हात मोकळाच नाही. मागे सुना, नातवंडं, फोटोवाला.

मी जाऊन पहिल्या पायरीवर बसले. ज्या घोषणा मी गेटवर देते त्यातली एकही आठवली नाही. म्हटलं, “आजी, हा जिना वाईट झालाय. मी केलाय. चढू नका.”

कुणी हसलं. मालक पुढे आले, त्यांना वाटलं मानपानाचं काही बिनसलं. कंत्राटदार म्हणाला, पोरगी घाबरट आहे, काल तिनेच चढून बघितलाय. हे खरंच होतं.

तेव्हा बाबा मागच्या मांडवात गेले, जिथे आचाऱ्यांचं चाललं होतं, आणि तांदळाचं पन्नास किलोचं पोतं दुखऱ्या खांद्यावर टाकून आले. जिन्याच्या बाहेरून त्यांनी ते चौथ्या पायरीवर ठेवलं. काही झालं नाही. ठेवून परत गेले. तेवढ्या वेळात सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी, देवा, जिना मोडू दे, असं मनात म्हणत होते. मी देव मानत नाही.

दुसरं पोतं टेकलं आणि कट् झालं. मग पुन्हा. मग बाहेरची फळी खाचेखाचेतून उघडत गेली, आणि पायरी, माळा, दोन्ही पोती खाली. एक पोतं फुटलं. हिरवळीवर पांढरा तांदूळ पसरला. फोटोवाल्याने सवयीने एक फोटो काढला.

आजींनी कलश छातीशी धरला होता. त्यांनी तांदळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “घराला दार ठेवलंय ना? मग दारातून जाऊ.” आणि वळल्या. त्यांच्या मागे सगळी रांग वळली.

नारळ, टॉवेल-टोपी काही मिळालं नाही. कंत्राटदाराने त्यानंतर बाबांना फोन केलेला नाही. पण जिना आम्हीच पुन्हा करायचा असं आजींनी मालकांना सांगितलं. उजवीकडे वळणारा साचा, सागाच्या आठ पट्ट्या, दोन नाही, तीन दिवस क्लॅम्प. मी रोज जाऊन क्लॅम्प बघत होते, जणू ते पळून जातील.

बसवला त्या दिवशी आजी वेताचा मोढा घेऊन जिन्यासमोर बसल्या. मला वाटलं, तोच प्रश्न विचारतील, झेपेल ना गं. उत्तर काय द्यायचं ते मी ठरवलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नाही. चहा मागवला आणि म्हणाल्या, “तुम्ही दोघं बापलेक जरा त्या चौथीवर उभे राहा. माझा चहा होईपर्यंत.”

आम्ही चढलो. शेजारी शेजारी उभे राहिलो. बाबांनी कठड्याला हात लावला नाही, म्हणून मीही नाही लावला. लाकूड पक्कं होतं, हे मला माहीत होतं, तरी माझे कान तळपायात गेले होते. बाबांच्या श्वासावरून कळत होतं की त्यांचेही.

आजींनी चहा बशीत ओतला. फुंकर घातली. अजिबात घाई केली नाही.