पेदिताच्या गोष्टीतलं माणूस

मे महिन्यात मरियामातेची मूर्ती आमच्या गल्लीत घराघरांतून फिरते. ज्या घरी मूर्ती, त्या घरी संध्याकाळी जपमाळ. जपमाळ संपली की घरची बाई काहीबाही खायला देते आणि हात पुसता पुसता कुणीतरी विचारतंच, "मानांग पेदिता, नवीन काय छापून आलं?"

मानांग म्हणजे ताई. पेदिता शाळेत तिसरीला शिकवायची, त्यामुळे अर्ध्या गावाची ती बाईसुद्धा होती. केस बारीक कापलेले, पायात वडलांच्या मापाच्या चपला, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. वडील होड्या बांधायचे. त्यांना मुलगा नाही म्हणून त्यांनी मुलीलाच रंधा मारायला शिकवलं होतं. पोरं मागून "टॉमबॉय, टॉमबॉय" ओरडायची. ती वळून म्हणायची, "टॉमबॉयचं स्पेलिंग सांग, मग पुढे जा." निम्मी पोरं तिथेच गप्प.

शाळा सुटल्यावर वर्गातल्या बाकावर बसून ती गोष्टी लिहायची. आमच्या बेटावरच्या इलोइलो शहरातून आमच्या भाषेतलं साप्ताहिक निघतं, त्यात त्या छापून येत. तिच्या गोष्टींत लग्नं कमी आणि वाट पाहणं जास्त. तरी आम्ही जपमाळेच्या बायका त्या मोठ्याने वाचून घ्यायचो आणि डोळे पुसायचो.

तिच्या घरात लारिंग राहते. ती डोंगरापलीकडच्या अंतिके प्रांतातली. शाळेच्या समारंभाचे पोशाख शिवायला एकदा आली, पेदिताच्या माडीवर खोली घेतली, आणि समारंभ झाला तरी परत गेली नाही. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. लारिंग बोलते थोडं, शिवते फार सुंदर. मरियामातेचा झगा आणि निळी शाल दर मेमध्ये तीच शिवते, मूर्तीच्या अंगावर चढवतेही तीच. हा मान बायकांच्या मंडळाने दिलेला. मंडळाची प्रमुख मानांग पेपांग. तिच्यापुढे पाद्रीसुद्धा आवाज खाली करतात.

आता ज्याच्यामुळे हे सगळं घडलं त्या सेल्मोबद्दल सांगते. सेल्मो आमच्याच गल्लीतला. लहानपणी डोक्यावर टॉवेलचा पदर घेऊन, हातात झाडूचा क्रूस धरून, मे महिन्याच्या मिरवणुकीतली राणी एलेना होऊन अंगणात मिरवायचा. बाप मारायला धावला की पेदिताच्या घरात लपायचा. पुढे नर्स झाला आणि कॅनडात विनिपेगला गेला. यंदा मेमध्ये आला तो कानात डूल घालून आणि बरोबर कागदांचा गठ्ठा घेऊन.

तो आला तेव्हा मी पेदिताकडेच होते. लारिंग माझ्या झग्याची घडी टाचत होती, म्हणून मी स्टुलावर पुतळ्यासारखी उभी.

"मानांग पेदिता, पुस्तक काढतोय," सेल्मो म्हणाला. "आपल्यासारख्यांचं. पुरुषावर जीव असलेले पुरुष, बाईवर जीव असलेल्या बाया. घरी राहिलेले आणि परदेशी गेलेले, सगळे एकत्र. जहाजावरचा एक स्वयंपाकी आहे, त्याच्या कविता आहेत. हाँगकाँगला भांडी घासणारी एकजण आहे, ती रविवारी बागेत भेटणाऱ्या मैत्रिणीवर लिहिते. दावाव शहरातला एक न्हावी आहे, त्याची भाषा तर पार्लरमधल्या पोरांखेरीज कुणाला कळत नाही. आणि तुमची शिंपल्यांची गोष्ट आहे. मी तिचं इंग्रजी केलंय."

"आपल्यासारख्यांचं," पेदिता हळूच म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे पाहिलं.

"पण एक घोटाळा झालाय," सेल्मो डोकं खाजवत म्हणाला. "माझाच."

घोटाळा असा. आमच्या भाषेत तो आणि ती असे वेगळे शब्द नाहीत. दोघांना मिळून एकच, सिया. नवरा सिया, सासू सिया, कोंबडी चोरून नेणारा चोरही सियाच. त्यामुळे आमची माणसं इंग्रजी बोलायला लागली की तो आणि ती यांची सरमिसळ करतात. माझी भाची हाँगकाँगला मालकिणीला अजून ‘तो’ म्हणते. सेल्मो इतकी वर्षं तिकडे राहिला, पण त्याचंही तेच. शिंपल्यांच्या गोष्टीत शाळेतली एक बाई पायरीवर बसून रोज पहाटे शिंपल्या वेचायला येणाऱ्या माणसाची वाट पाहते. ते माणूस सेल्मोच्या इंग्रजीत एका ओळीत तो झालं आणि दुसऱ्या ओळीत ती. तिथल्या संपादक बाईंनी विचारलं, ही माणसं एक की दोन? आणि एक असेल तर कोण?

"मी दवाखान्यात तेच करतो," सेल्मो म्हणाला. "बाळंतिणीबद्दल डॉक्टरांना सांगितलं, तो कळा देतोय. अख्खा वॉर्ड हसला. पण पुस्तकात असं चालणार नाही ना. म्हणून तुम्हालाच विचारायला आलो. मी रविवारी परत जातोय, त्याआधी सांगा. तो का ती?"

लारिंगचे हात माझ्या घोट्यापाशी थांबले.

पेदिताने चष्मा काढला, पदराने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "तो," ती म्हणाली. "तो कर."

"नक्की?"

"तो म्हटलं ना! इंग्रजी मास्तरीण मी आहे का तू?"

लारिंगने टाचण्या डबीत टाकल्या. "इस्तेर, उतर खाली. उरलेलं उद्या करीन," ती मला म्हणाली आणि आत गेली. माझा झगा एका बाजूने वर, एका बाजूने खाली. तसाच घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी जपमाळ माझ्याकडे होती. सकाळी मी नारळाच्या पानांत भात वळत बसले होते. लारिंग मागच्या दाराने आली. न सांगता पानं हातात घेतली आणि वळायला लागली. चार-पाच पानं वळून झाल्यावर बोलली.

"तिने मला मिशा लावल्या, इस्तेर."

मला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून गिळलं.

"इतकी वर्षं ती मला लिहीत आली," लारिंग म्हणाली. "मला शाळा फारशी नाही, पण मला माहीत होतं. शिंपल्या वेचणारं ते मी. पावसात छत्री विसरणारं ते मी. एका गोष्टीत ताप आलेलं माणूस आहे ना, तेही मीच, आणि तो ताप तिने आठवडाभर उतरवला. आपल्या भाषेत मी मीच होते. आता इंग्रजीत गेले तर कुणी मच्छीमार झाले."

"ती तुझ्यासाठीच करतेय गं," मी म्हटलं. "माउलीचा झगा तुझ्या हातून जाईल म्हणून. पलीकडच्या गावात गायनमंडळाच्या मास्तरांचं काय झालं, विसरलीस? नुसती कुजबुज झाली, तर पेटीला हात लावू दिला नाही त्यांना."

"ते मला ठाऊक आहे. पण तिने मला विचारलं नाही."

ती गेल्यावर मी मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि खूप वेळ बसले. मला धर्माचं जे शिकवलंय ते मला पाठ आहे. लारिंगच्या हातचे टाकेही पाठ आहेत. दोन्ही माउलीपुढे ठेवले आणि म्हटलं, तूच बघ, झगा तुझा आहे. मग भात उकडायला लावला.

संध्याकाळी सगळ्या आल्या. पेपांग पंखा हलवत पुढच्या खुर्चीत. पेदिता आणि लारिंग आल्या, पण नेहमीसारख्या शेजारी बसल्या नाहीत. लारिंग खिडकीपाशी मूर्तीच्या शालीची किनार शिवत बसली. जपमाळ झाली, भात वाटला. सेल्मोही आला होता. बायकांनी त्याला पकडलं.

"काय रे राणी एलेना, गोरा नवरा मिळाला का नाही?"

"मिळाला होता मानांग, थंडीत गोठला."

हशा झाला. मग कुणीतरी म्हणालं, पुस्तकाचं काय ते सांग, आणि त्या खुळ्याने भर बैठकीत प्रश्न टाकला. त्याला वाटलं, गोष्ट सगळ्यांची आवडती, सगळ्यांचं मत घ्यावं. "शिंपल्या वेचणारं ते माणूस, ते तुम्हाला बाप्या वाटतं का बाई? इंग्रजीत एक काहीतरी धरावं लागतं."

पेदिताचा घास हातातच राहिला.

"बाप्याच की!" सिद्रा म्हणाली. ती आमच्यात सगळ्यांत सोवळी. "दंड कसे असतील त्याचे! मला तर सिनेमातला तो जुना नट दिसायचा."

"मला माझा इग्मे दिसायचा," मी म्हणून गेले. सगळ्या इतक्या हसल्या की आतून इग्मेने विचारलं, काय झालं.

"तुझा इग्मे शिंपल्या वेचेल? तो स्वतःचं ताट उचलत नाही!"

"म्हणून तर गोष्टीत वेचत होता!"

"मानांग पेदिता, तुम्हीच सांगा ना," कुणीतरी म्हणालं. पेदिताने ताट खाली ठेवलं. ती ‘तो’ म्हणणार हे मला दिसत होतं. तिच्या ओठांवर शब्द आलाच होता.

"ती," लारिंग खिडकीपाशी बसूनच म्हणाली.

मान वर केली नव्हती तिने. "ती आहे," परत म्हणाली. "आणि लिहिणारीला ते माहीत आहे."

पेपांगचा पंखा हलत राहिला. मी मनातल्या मनात जपमाळेचा एक मणी पुढे ढकलला. सिद्राने हात धुतले, डोक्यावरचं जाळीचं वस्त्र पिशवीत कोंबलं, "उशीर झाला," म्हणाली आणि निघून गेली. उशीर काही झाला नव्हता, बाहेर उजेड होता.

सगळ्यांनी पेपांगकडे पाहिलं. पेपांगने पंखा मिटला.

"त्या गोष्टीत," ती सावकाश म्हणाली, "ते माणूस बाईंची फाटलेली बाही शिवतं आणि दोरा दाताने तोडतं. बरोबर?"

"हो," सेल्मो म्हणाला.

"या गावातला कोणता मच्छीमार जाळ्याचा दोरा दाताने तोडतो? सुरी असते कमरेला." तिने मिटलेला पंखा खिडकीकडे रोखला. "आणि ते बघा."

आम्ही वळलो. लारिंगच्या दातांत निळा दोरा होता. ती तशीच थिजली. दोरा धड तोडता येईना, धड सोडता येईना.

"मी पहिल्यांदा वाचली तेव्हाच मला कळलं होतं," पेपांग म्हणाली. "तुम्हाला वाटतं मी नुसती वर्गणीच गोळा करते."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस?" पेदिताच्या तोंडून निघालं. तिचा आवाज कधी एवढा बारीक ऐकला नव्हता.

"काय बोलायचं होतं? तू विचारलंस कधी?" पेपांग जरा चिडलीच. "पाद्रीबाबा विचारतील तेव्हा त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन. आणि सिद्राला मी समजावेन, नाही समजली तर नाही. पण लारिंग, ती किनार शनिवारपर्यंत पुरी झाली पाहिजे. माझे टाके माउलीच्या अंगावर घालायची वेळ आणू नकोस. माझा उशीचा अभ्रा पाहिलायस ना तू?"

लारिंगने दोरा तोडला.

सिद्रा त्यानंतर जपमाळेला आली नाही. अजून येत नाही. रस्त्यात भेटली की माझ्याशी बोलते, त्या दोघींशी नाही. मी तिच्यासाठीही प्रार्थना करते, पण मिरवणुकीत माउलीच्या अंगावर शाल लारिंगचीच होती, आणि सिद्रा कडेला उभी राहून त्या शालीलाच नमस्कार करत होती.

रविवारी सेल्मो निघायच्या आधी मी त्याच्यासाठी गोड बिस्कोचो टोस्टांचा डबा घेऊन पेदिताकडे गेले. तो इंग्रजी कागद घेऊन बसला होता. पेदिता शेजारी, हातात पेन्सिल. जिथे जिथे ‘तो’ होतं तिथे खोडून ‘ती’ करत होती. तिच्या पलीकडे लारिंग. आता दोघी परत एकाच बाकावर बसल्या होत्या. सेल्मो म्हणाला, "मानांग, परदेशातले सगळे सरळ लिहितात आणि घरचे आडून लिहितात, असं तिकडे म्हणतात. तुम्ही आडून लिहीत होतात का?"

"मी सरळच लिहीत होते," पेदिता म्हणाली. "आपली भाषा मध्ये उभी राहिली. तिचे उपकार आहेत. पण परवा एक शब्द माझ्या तोंडात अडकला आणि हिने तो बाहेर काढला."

"मला न विचारता काही करायचं नाही यापुढे," लारिंग म्हणाली.

"नाही."

"लिहून दे."

"इंग्रजीत का आपल्या भाषेत?"

"तुला येतं त्या भाषेत."

सेल्मो हसत मोठ्याने वाचायला लागला. लारिंगला इंग्रजी फार समजत नाही. ती पुढे वाकून ऐकत होती, गुडघ्यांवर हात ठेवून.

"आता काय म्हणाला तो?" तिने पेदिताला विचारलं.

"तू पाण्यात उतरलीस म्हणाला."

सेल्मोने पान उलटलं.

"आणि आता?"

"ओटी शिंपल्यांनी भरलीस."

"आता?"

पेदिताने थोडं ऐकलं. "बाई पायरीवर बसलीय," ती म्हणाली, "आणि तू येतेयस."