मी युरोपाची पंगत मांडली

चहाचा कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही! कारण आता जो घोळ सांगतोय तो साधासुधा नाही. त्यात अख्खं युरोप खंड आहे, डोणगावातलं माझं सरकी-ढेपेचं गोदाम आहे, आणि मधोमध मी आहे. तुपानं माखलेल्या हातांनी!

माझं शिक्षण चौथी. पण पुड्या बांधायला येणारी रद्दी मी वाचल्याशिवाय कधी फाडली नाही. सगळं जग असंच शिकलो. खोट एवढीच, की रद्दीचा कागद बहुधा फाटकाच असतो. म्हणजे जगाची बातमी मला कळायची, पण अर्धी!

महाराष्ट्र तेव्हा नवा-नवा झाला होता. दुकानाच्या ओट्यावर रोज माझं व्याख्यान चाले. "युरोपाचे आता दोन भाग झाले बरं! पश्चिमेकडं समुद्र, बंदरं, दुकानं मालानं गच्च. पूर्वेकडं मोकळं मैदान, हाडं गोठवणारी थंडी, जेवायला बटाटा, अन् दुकान सरकारचं. आपलं नाही का, पुण्या-मुंबईकडं भात अन् आपल्याकडं ज्वारी! तसंच. फक्त त्यांच्या मधात पहारा हाये. एकमेकांचं तोंड पाहत नाहीत."

आमचा हमाल किसन पोत्यावर बसून ऐके. एकदा म्हणाला, "शेटजी, तुमी तिकडं पूर्वेले असते तं काय केलं असतं?"

"दुकान सरकारचं म्हणल्यावर काय करतो? रांगेत उभा राह्यलो असतो."

"बरं झालं असतं जी! तुमच्या पुढं उभं राहाले भेटलं असतं मले."

असो. आता माझी दुसरी ख्याती ऐका. आमच्याकडं लग्नात भाऊबंदकीतले दोन गट एकत्र आले, की पंगत मांडायला मला बोलावणं येतं. दोन गट दोन बाजूंना, मधात आडोसा, तूप दोघांना सारखं. आणि एकाच्या पानातला घास दुसऱ्याकडं जाता कामा नये! गेला की, "आमाले उष्टं पाठवतं काय बे?" आणि निघाल्या काठ्या. माझ्या पंगतीत आजवर काठी निघाली नव्हती.

तर एके दिवशी वानखडे गुरुजी दुकानात आले. "शेटजी, लोणारचं सरोवर पाहायला दोन जर्मन विद्वान आलेत. दगडांचे अभ्यासक. उद्या परतताना दुपारी आपल्या गावात जेवतील. जेवण झालं की एक जीपनं नागपूरला, दुसरा मोटारीनं मलकापूरला, मुंबईची गाडी धरायला. तुमच्याकडं सोय होईल?"

"होईल की!"

"नागपूरच्या प्राध्यापकांचा निरोप आहे, एक पूर्व जर्मनीतला आहे आणि एक पश्चिमेतला."

माझ्या हातातला तराजू डुलायचा थांबला! ओट्यावरचं व्याख्यान आपल्या पायांनी चालत जेवायला येणार होतं. आणि काही कमी-जास्त झालं तर? तिसरं महायुद्ध डोणगावात सुरू झालं असं लोक म्हणतील!

मी किसनला घेतलं आणि गोदामाच्या मधोमध सरकीच्या पोत्यांची थप्पी रचली. पुरुषभर उंच. इकडं एक पाट, तिकडं एक पाट, आणि थप्पीच्या टोकाला मी. दोन्हीकडं नजर ठेवायला.

दुसऱ्या दिवशी जीप आली. गुरुजी मेहकरपासून त्यांच्यासोबत होते. मी गुरुजींना बाजूला ओढलं. "वाटेत काय झालं?"

"अहो, त्यांच्या भाषेत चाललंय, दोघं क्षणभर गप्प नाहीत! हातवारे काय, आवाज काय! एकदा तर वयानं मोठा आहे त्यानं धाकट्याची कॉलरच धरली."

"पाह्यलं? पेटलं आधीच!"

"पण शेटजी, दोघांचं आडनाव एकच आहे."

"गुरुजी, तालुक्यात वानखडे किती? सगळे तुमचे भाऊच हायेत काय?"

मला स्वतःच्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं.

मोठ्याच्या कोटाला कोपरावर ठिगळ, धाकट्याच्या गळ्यात झगझगीत कॅमेरा. पूर्व कोण अन् पश्चिम कोण, विचारायची गरजच नव्हती. मी मोठ्याला उजवीकडं नेलं, धाकट्याला डावीकडं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, पोत्यांकडं पाहिलं, मग गुरुजींना इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"विचारतात, अशीच पद्धत आहे का?"

"हाव म्हणा! मानाच्या पाहुण्यायची हीच पद्धत."

दोघं मुकाट बसले. घरची वाढायला आली. दोन्हीकडं पुरणपोळी वाढून झाल्यावर माझ्या कानाशी लागली. "अवो, नाक पायलं का दोघायचं? एका साच्यातलं हाये."

"गोरे सगळे सारखेच दिसते. तू पुरणाकडं पाय."

"पुरण सरलं. ह्या दोन पोळ्या शेवटच्या."

इतक्यात मोठ्यानं आपली पोळी बरोबर मधून मोडली. एक अर्धी ताटात ठेवली, दुसरी हिच्या हातात दिली आणि बोट केलं थप्पीपलीकडं.

पूर्वेनं पश्चिमेला उष्टं पाठवलं! ही निघालीसुद्धा होती. मी तिच्या हातातून अर्धी ओढली. ठेवणार कुठं? पुरावाच नको म्हणून सबंध तोंडात कोंबली!

अजून गिळतोय, तोच डावीकडून धाकट्याची अर्धी आली. उत्तर आलं हो, उत्तर! तीही मी तोंडात घातली. जगाची शांतता माझ्या दोन्ही गालांत, आणि हनुवटीवरून तूप ओघळतंय!

मोठा उठला. थप्पीला वळसा घालू लागला. मी हात पसरून आडवा झालो. तोंड भरलेलं, तरी ओरडलो, "शांती! शांती!"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या गालांकडं पाहिलं. मग गुरुजींना शांतपणे काही सांगितलं. गुरुजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"शेटजी... हे सख्खे भाऊ आहेत."

घास तिथंच अडकला.

"धाकटा शिकायला पश्चिमेला गेला, आणि मागं वाट बंद झाली. तेव्हापासून भेट नाही. दोघांनी एकाच वेळी लोणारचं काम काढलं, ते फक्त भेटायला. आज शेवटचं जेवण. लहानपणी लढाईच्या दिवसांत घरात एकच पाव यायचा, तो दोघं मोडून खायचे. म्हणून त्यांनी अर्धी-अर्धी..."

गुरुजींनी वाक्य पुरं केलं नाही. कशाला करतील? पुढचं माझ्या पोटात होतं!

आता काय करावं? धोतर खोचलं आणि पोती ओढायला लागलो. किसन धावला. पहिलं पोतं पाठीवर घेता घेता म्हणतो कसा, "शेटजी, ही भिंत तं सरकारची नोती ना?"

थप्पी मोडली. दोघं एकाच पाटावर खांद्याला खांदा लावून बसले. बाहेर मोटारीचा भोंगा वाजत होता. मी किसनला पाठवलं, "ड्रायव्हरले सांग, डोणगावचा शेट चाकापुढं निजला हाये, उठेपर्यंत थांब." पुरण तर संपलेलं. घरचीनं चुलीवरची ज्वारीची भाकर आणली, नुसती. मोठ्यानं ती मोडली, दोन्ही तुकडे पारखून पाहिले आणि मोठा तुकडा धाकट्याला दिला.

मग त्यानं काय करावं? आपल्या लहान तुकड्यातून कोपरा मोडला आणि हसत माझ्यापुढं धरला. मीही भुकेला असेन असं त्याला वाटलं असावं. माझं खाणं पाहून दुसरं वाटणार तरी काय!

जन्मात पहिल्यांदा मी वाढलेल्याला नाही म्हणालो.

तेव्हापासून ओट्यावरचं व्याख्यान बंद. युरोप वाटून खाणारे राजे-सरदार पुष्कळ होऊन गेले असतील. पण दोन्ही अर्धी एका बैठकीत, तेही तूप लावून खाणारा मी एकटाच!