उताणा पडलेला मुडदा

सिनेमावाले त्याला 'मुडदा' म्हणत आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. पडद्यावर मरावं तर यानेच, अशी ख्यातीच होती त्याची. जन्मभर तो गर्दीतला माणूस म्हणून राबला, तोही बहुतेक युद्धाच्या स्वस्तातल्या सिनेमांत. तिथे दोन्ही सैन्यांना माणसं तीच. सकाळी आपल्या बाजूने मरायचं, जेवायचं आणि दुपारी शत्रूचा गणवेश चढवायचा. म्हणून पडायचं ते पालथं. तोंड दिसलं की माणूस त्या सिनेमापुरता बाद.

बायको प्रत्येक सिनेमा बघायची आणि म्हणायची, "पाठ छान दिसली हो तुमची." पुढे तिने अंथरूण धरलं, डॉक्टरांनी हात टेकले. एकदा ती म्हणाली, "तुमचं तोंड बघायचंय पडद्यावर. मग खुशाल जाईन."

तेव्हा एका हेरगिरीच्या सिनेमाचं काम चालू होतं. पूल उडवायचा होता. लाकडाचा पूल, एकदाच उडणार. धुरळा उठला आणि हा गडी आयुष्यात पहिल्यांदा उताणा पडला, थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून. गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणि नशीब बघा, पुढच्याच आठवड्यात पकडलेल्या हेराचं काम करणारा नट आजारी पडला. दुसरं कुणी नव्हतंच, म्हणून दिग्दर्शकाने यालाच उभं केलं. चौकशीचा चांगला लांबलचक प्रसंग, वर बोलायचंसुद्धा. याने असं काम केलं की दिवेवाल्यांनीही माना डोलावल्या. घरी त्याने सगळं रंगवून सांगितलं. ती उठून बसली आणि पोटभर जेवली.

सिनेमा जोडायला घेतल्यावर दिग्दर्शकाने त्याला बोलावलं. "अरे, तू पुलावर मेलायस. तोंड स्वच्छ दिसतंय. मेलेला माणूस पुढे चौकशीला कसा बसणार? पूल काही परत बांधता येत नाही. तुझी चौकशी कापली."

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलेला, रागवायचं कुणावर? बायकोला सांगायचा त्याला धीर होईना. पुलावरचं तोंड तरी तिला दिसेल, एवढाच आधार उरला.

सिनेमा लागला. डॉक्टर तिला न्यायला नकोच म्हणत होते. एकदाच, म्हणून कसेबसे हो म्हणाले. थिएटरात तिला उचलूनच न्यावं लागलं. पूल उडायच्या वेळी त्याने तिचा हात दाबला. पडद्यावर त्याचं तोंड आलं न आलं, डोळे उघडे, गालावर रक्त, तोच तिने डोळे गच्च मिटले.

"हे नाही बघवत मला," ती म्हणाली. "तुमचं बोलणं आलं की सांगा."

ती दमली होती, तशीच डोळे मिटून पडून राहिली. मधूनच विचारायची, "आलं?" तो म्हणायचा, "अजून नाही." लोक उठून निघाले तेव्हा मात्र सांगावंच लागलं. केर काढणारी बाई खोळंबून उभी होती आणि त्याने खुर्चीतच बायकोला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे मी डोळे मिटले, तेवढंच होतं?"

"हो," तो म्हणाला.