उपडा ग्लास

बदनापूरच्या स्टेशनवर मी नोकरीवरून सुटून, घरी जायला जालन्याच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. फोन वाजला. सूर्य मावळायची वेळ म्हणजे पारसच्या फोनची वेळ, त्यामुळे नाव न पाहताच उचलला आणि समोरचा काही बोलायच्या आत सवयीने ‘बरं’ म्हणून मोकळा झालो. पलीकडे त्याचे मोठे भाऊ मोतीलालजी होते. “दिनू,” ते म्हणाले, “पारस गेला.” जेवला, पाणी प्याला, ग्लास उपडा ठेवला आणि भिंतीला टेकला, तो टेकलाच. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. याला आता काही आठवडे होऊन गेले, पण ते आधीच म्हटलेलं ‘बरं’ अजून माझ्याच कानात वाजतं...

पारस माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या घरचं लोखंडी सामानाचं दुकान, मी कृषी संशोधन केंद्रात नोकरीला. ‘कापसाचं बी तपासता तपासता तू बी वातीसारखा वाळून गेला,’ असं तो गिऱ्हाइकासमोर म्हणायचा आणि वर माझ्याच पैशाने चहा मागवायचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाची तो थट्टा करी, आणि ती करून घ्यायलाच अर्धं गिऱ्हाईक येई. माल आणायला बाहेरगावी जाता-येता त्याला प्यायची सवय लागली. ज्या घरात कांदासुद्धा येत नाही, त्या घराच्या गोदामात बाटली आली.

घरात त्या गोष्टीचं नाव कुणी काढत नसे. ‘पारसची तब्येत जरा नरम आहे,’ एवढंच बोललं जायचं. मुलगी लग्नाची, सोयरिकीच्या गोष्टी चालू; झाकली मूठ सव्वा लाखाची. चातुर्मासात जैन स्थानकात महाराजसाहेब, म्हणजे साधू, आलेले होते. मोतीलालजी त्याला त्यांच्यासमोर घेऊन गेले आणि खरं कारण न सांगता चौविहाराचा नियम घ्यायला लावला. चौविहार म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. हा पितो संध्याकाळी, तेव्हा काम आपोआप झालं, असा त्यांचा सरळ हिशेब.

पारसने नियम बिलकुल मोडला नाही. सूर्य मावळल्यावर त्याने कशाचाच थेंब घेतला नाही. फक्त तो भर दुपारी गोदामात बसायला लागला आणि दिवस बुडायच्या आत बाटली संपवायला लागला. संध्याकाळी लवकर झोपलेला दिसे, तर घरचे म्हणत, बघा, नियम लागू पडला. पाहुण्यांना कौतुकाने सांगत. मला हे कळलं तेव्हा आधी मी हसलो होतो. आताही आठवलं की हसू येतं, आणि लगेच तो समोर नसल्याचं कळतं.

सकाळी चहाची बशी धरताना त्याचा हात थरथरतो, हे पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या बायकोने, आमच्या भाभीने. भाभी परतूरच्या आडत्याची लेक. माल हातात घेऊन पाहिल्याशिवाय भाव बोलायचा नाही, हे माहेरीच शिकलेली. चांगला इलाज शोधायला ती मला घेऊन निघाली. घनसावंगीकडे एक जण डाळीत गुपचूप घालायची पुडी देत असे. पुडीत काय आहे, असं तिने विचारलं, तर तो म्हणाला, विश्वास. ती उठलीच. मग एक व्यसनमुक्ती केंद्र पाहिलं. तिथला माणूस म्हणाला, आमची चार पोरं गाडी घेऊन येतील आणि उचलून आणतील, तुम्ही फक्त भेटायला येऊ नका. डॉक्टर कधी असतात, असं विचारलं तर म्हणाला, बोलावलं की येतात, आणि आतल्या खोल्या त्याने दाखवल्या नाहीत. परतताना जीपमध्ये भाभी म्हणाली, “भैय्या, पोतं उचलून न्यायचं न्हाई आपल्याला. माणूस परत आणायचाय.”

मोतीलालजींना इलाज लांबच्या गावी हवा होता, कुणाला कळू नये म्हणून. भाभीने जालन्यातल्याच मनोविकारतज्ज्ञ बाई निवडल्या, कारण पुढे वर्षानुवर्षं जावं लागलं तर जाता यायला हवं. त्या बाईंनी विचारलं ते हातांच्या थरथरीबद्दल, घामाबद्दल, कधी फिट आली का याबद्दल. आणि बजावलं की शपथ घालून घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. सुरुवातीचे दिवस दवाखान्यात, औषधाखालीच जायला हवेत. इकडे येत्या रविवारी मोतीलालजी त्याला दारू कायमची सोडायचा नियम घ्यायला लावणार होते.

तिथल्या समुपदेशकाने मग भाभीला, मोतीलालजींना आणि मला पारसशी बोलायला तयार केलं. सकाळी, तो शुद्धीत असताना बोला. रागावू नका, धमकी देऊ नका, ज्याने जे पाहिलं तेवढंच सांगा. तो नाही म्हणाला तर पुन्हा माझ्याकडे या. हो म्हणाला तर मात्र त्याच घडीला निघा.

त्या रविवारच्या आधीच एका सकाळी आम्ही तिघे पारसला घेऊन बैठकीत बसलो. पारसने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मी नियम मोडला न्हाई. विचारा कुणालाबी.”

“न्हाई मोडला,” भाभी म्हणाली. “तुमचं मन खोटं न्हाई, हे त्याच्यावरूनच कळलं मला. पण हा आजार हाय. आजाराला डॉक्टर लागतो.”

मोतीलालजी रडायला लागले. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होतो, पारसही. मग त्याने लहान मुलासारखं विचारलं, “मंग मला तिथं सोडून येणार?”

भाभीने दारामागून दोन पिशव्या काढल्या. “एक माझी हाय. मी बी येऊन राह्यले.”

तो उठला.

नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एका लग्नात तो घसरला, पण सकाळी स्वतःच डॉक्टरांकडे गेला. संध्याकाळची वेळ सगळ्यात अवघड, त्या वेळी करायला काहीतरी धरून ठेवा, असं समुपदेशक सांगायचे. पारसने पुन्हा चौविहार धरला, या वेळी आपणहून. दिवस मावळायच्या आत जेवायचं, आपलं नाव कोरलेल्या स्टीलच्या ग्लासात शेवटचं पाणी प्यायचं, ग्लास उपडा ठेवायचा आणि मला फोन करायचा. “ग्लास उपडा केला रे.” मी म्हणायचो, “बरं.” तो म्हणायचा, “एवढंच? बोलायला बी खर्चा येतो का तुला?” हिवाळ्यात हा फोन बदनापुरात यायचा, उन्हाळ्यात घरी पोचल्यावर. पंचांग न पाहता मला सूर्यास्त कळायचा, वर्षानुवर्षं.

आता ती वेळ झाली की मला काही सुचत नाही. त्याची आठवण येते, असं लोक म्हणतात तसं म्हणवत नाही. तो हवा असतो, एवढंच. त्याची ती थट्टा हवी असते.

परवा गाडीत बसलो होतो. बाहेर ऊन उतरत होतं. फोन वाजला आणि त्यावर नाव आलं, पारस. उचलला. पलीकडे भांड्याचा बारीक आवाज झाला, मग भाभीचा आवाज आला.

“भैय्या, ग्लास उपडा केला.”

“बरं,” मी म्हणालो.