काळोख्या गावातला एकटा दिवा

वीज जाण्याआधी निमिषभर घर श्वास कोंडून धरतं. मग पंख्याची पाती आळसावत थांबतात, फ्रीज एकदा अंग शहारून गप्प होतो, आणि इतका वेळ कानांना न जाणवलेला समुद्र एकाएकी माजघरात येऊन बसतो. आमचा नवापूरचा समुद्र एरवी शेजारधर्म पाळणारा. पण परतीच्या पावसात, भर दुपारी आभाळ काजळीसारखं खाली उतरतं, तेव्हा त्याचा तो गंभीर घुमार ऐकून वाटतं, कोणी प्रचंड प्राणी घराला प्रदक्षिणा घालतो आहे आणि दार कुठे आहे ते हुंगतो आहे.

वादळाची आणि गेलेल्या विजेची वार्ता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देण्याचं पद मी स्वतःच स्वतःला बहाल केलं आहे. आता माझ्यासारख्याची वार्ता 'लाइट गेली' इतकी बोडकी कशी असेल? माहीमच्या वाडीतली एक सुपारी वाऱ्याने उडाली, ती आमच्या अंगणात उभीच्या उभी येऊन रुजली आणि मालक येईस्तोवर फुलावर आली, हे मीच प्रथम जाहीर केलं. माडाच्या शेंड्यावरून पापलेटं उतरवल्याचीही वार्ता माझीच. हसताय? हसा! गावही हसतं. "काकांचं निम्मं धरावं," असा आमच्याकडे रिवाजच पडला आहे. निम्मं तरी धरतात, हे काय थोडं झालं!

अणुवीज केंद्राच्या शेजारी राहून मेणबत्त्या साठवणारी माणसं आम्ही. तरीही वीज गेली की आमच्या आळीत आधी मेणबत्ती कोणी शोधत नाही. आधी खिडकीतून हाक जाते, "तुमच्याकडं हाय का?" पलीकडून "नाय!" आलं की मन निवांत होतं. सर्वांचा मिळून असलेला काळोख किती मायाळू असतो! केवळ आपल्याच घरी काळोख असेल तर मात्र माणूस क्षणात अनाथ होतो. आणि केवळ आपल्याच घरी उजेड असेल तर? हा प्रश्न मला त्या दुपारपर्यंत कधी पडलाच नव्हता.

त्या दुपारी आळीच्या तोंडाशी एक माड तारांवर कोसळला. गाव काळोखात गेलंच, शिवाय टोकाची दोन घरं, माझं आणि शेजारच्या हरेश्वरचं, तार तुटून गावापासून विलग झाली, एकमेकांना मात्र जोडलेलीच राहिली. उमरोळीचा काशिनाथ वायरमन भिजत आला, आळीला वीज देणारी डीपी बंद करून, तिचे फ्यूज खिशात घालून आला, आणि आमच्या दारासमोरच्या पोलाला त्याने शिडी लावली. त्याच्यासाठी कोरडा पंचा आणावा म्हणून मी घरात शिरलो, आणि उंबऱ्यातच थबकलो.

स्वयंपाकघरातला दिवा जळत होता.

जळत होता तरी कसा म्हणावं? राखेखालच्या निखाऱ्यासारखा तो फुलत होता, कोमेजत होता. जणू त्या काचेत कोणी झोपेत श्वास घेत होतं. वर पंख्याची पाती फिरत नव्हती, नुसती थरथरत होती. बायको भिंतीला पाठ लावून उभी होती. "अवो, हा बगा कसा बगतोय आपल्याकडं," ती पुटपुटली.

माझ्या मनात काय आलं असेल? भय? छे, अभिमान! अवघा तालुका अंधारात आणि प्रकाश फक्त माझ्या घरी! बोटं आपोआप चालली, वार्ता ग्रुपवर गेलीसुद्धा. लगेच उत्तर आलं, "काका, निम्मा उजेड आमच्याकडं धाडा!"

बायको मात्र दिव्यावरची नजर न काढता म्हणाली, "काशिनाथनं लाइट बंद केलीय ना? मग ही आली कुटून?"

पंचा आणायचा राहिलाच. मी पावसात धावलो. काशिनाथ शिडीच्या वरच्या पायरीवर होता, पक्कड हातात, हात तारेकडे निघालेला.

"काशिनाथ, थांब! माझ्या घरात दिवा जळतोय!"

तो हसला. "काका, फ्यूज माझ्या खिशात हायत. तुमच्याकडं काय भुतानं दिवा लावला?"

"अरे, शपथ घेतो!"

"तुमी शपथ घेतली की मला जास्तच भ्या वाटतं!"

किती शब्द सजवले मी आयुष्यभर! आणि तेव्हा माझ्या हाताशी एकही नव्हता. मी नुसता भिजत, वर पाहत उभा राहिलो. माझ्या त्या मौनानेच की काय, त्याचं हसू मावळलं. त्याने तारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"निम्मं धरलं तरी मरायला पुरतंय, काका," तो म्हणाला आणि उतरला.

तारेत वीज असली तर कळावी म्हणून खालूनच त्याने लोखंडी साखळी तारांवर भिरकावली. निळी ठिणगी सापासारखी फुत्कारली, आणि त्याच क्षणी, लाटांच्या घुमारात मिसळून इतका वेळ ओळखू न आलेली एक धडधड थांबली.

"कोणी बंद केला रं जनरेटर माझा?" हरेश्वर परसातून ओरडत आला. त्याच्या फ्रीजरमध्ये आदल्या दिवशीची पापलेटं होती. ती नासू नयेत म्हणून त्याने दोन्ही टोकांना पिन असलेली वायर जनरेटरमधून घरातल्या प्लगमध्ये खुपसली होती. घर बाहेरच्या तारेपासून तोडणारा मेन स्विच खाली ओढायचा तेवढा राहिला होता. त्यामुळे जनरेटरचा प्रवाह उलटा तारेवर चढून माझ्या दिव्यात श्वास घेत होता. ओल्या मातीत बसून आपले तळवे निरखणारा काशिनाथ त्याला दिसला, आणि तो आल्या पावली मागे फिरला. आत जाऊन त्याने मेन स्विच ओढला, मग कोयत्याने ती वायर तोडली. फ्रीजरकडे त्याने वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी आळीतल्या प्रत्येक चुलीवर पापलेट होतं.

ही वार्ता मी ग्रुपवर जशीच्या तशी दिली. गावाने रिवाजाप्रमाणे तिचंही निम्मंच धरलं.

आजही वीज जाते. घर श्वास कोंडतं, समुद्र आत येऊन बसतो. आणि पोलाखालून काशिनाथची हाक येते, "काका, तुमच्याकडं हाय का?" मी त्या दिव्याखाली जाऊन उभा राहतो. विझलेल्या काचेकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत पाहतो. काचेतली बारीक तार लालसर तर होत नाही ना, आत कोणी श्वास तर घेत नाही ना? शिडीच्या पायथ्याशी तो थांबलेला असतो. मग दारात येऊन मी ओरडतो, "नाय!"

तेव्हाच तो पहिल्या पायरीवर पाय ठेवतो.