थांबणाऱ्या बाई

आमच्या प्रेसिडेंट बाईंइतकं मनापासून थांबता येणारं दुसरं माणूस या शहरात नसेल. आणि शहर म्हणजे पुणे, जिथे सिग्नल सुटायच्या आधीच मागचा माणूस हॉर्न वाजवून आपल्याला रंग ओळखता येतात का, अशी चौकशी करतो. बाई मात्र रस्ता रिकामा असला तरी पायी चालणाऱ्यांचा दिवा हिरवा होईपर्यंत फुटपाथच्या कडेला पाय जुळवून उभ्या राहतात. एकदा खराडीच्या चौकात मी त्यांच्या शेजारी अशीच उभी होते. स्कूटरवरून जाणाऱ्या एका काकूंनी मुद्दाम वेग कमी करून विचारलं, "काय हो, मुहूर्त बघताय का?" बाईंनी दिव्याखालचे आकडे नीट वाचले आणि सांगितलं, "अजून बावीस सेकंद आहेत." काकूंना यावर काय बोलावं ते सुचलं नाही. पुण्यात हे फारसं घडत नाही.

आमचं विद्यापीठ खासगी आहे, खराडीच्याही पुढे. इथे सर्वांत वरच्या खुर्चीला प्रेसिडेंट म्हणतात. त्या खुर्चीवर परदेशातल्या विद्यापीठांमधून तीसेक वर्षं काम केलेल्या बाई येणार, असा मेल आला तेव्हा सगळ्या इमारतीनं इंग्रजी घासूनपुसून घ्यायला सुरुवात केली. स्वागताचं भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. बोलायला लावत नव्हते, नुसतं लिहायचं होतं, म्हणून मी हो म्हटलं. मी परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीमागे बसते आणि गरजेपुरतंच बोलते. बाई सुती साडी आणि पळायचे बूट घालून आल्या, शांतपणे ते इंग्रजी भाषण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंडळी, मी आजपासून रुजू होते आहे. मला मॅडम म्हणू नका. आमच्या शाळेत शिकवणाऱ्यांना बाई म्हणत, मला ते आवडतं." रुजू म्हणजे काय ते मला आईला फोन करून विचारावं लागलं. आई म्हणाली, "हौसेनं इंग्लिश मीडियमला घातलं, भोगते आता." आमच्या कुलसचिवांना नुसतं 'बाई' म्हणणं काही जमेना. ते अजूनही 'बाईमॅडम' म्हणतात.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक विभागानं शाल आणि नारळ देऊन बाईंचा सत्कार केला. शाली त्यांनी होस्टेलवरच्या परदेशी मुलांना वाटल्या, कारण इथल्या डिसेंबरची थंडी त्या मुलांना कुणी आधी सांगितलेली नसते. नारळांचं त्यांना काय करावं कळेना. त्या कधीतरी कुठल्याशा बेटावर नोकरीला होत्या आणि तिथे म्हणे भेट मिळाली की देणाऱ्याच्या घरी जाऊन ती त्याच्याबरोबर खायची पद्धत होती. म्हणून बाई एकेका विभागात हातात नारळ घेऊन निघाल्या. समोर नारळ घेऊन उभ्या असलेल्या प्रेसिडेंटना पाहून परीक्षा विभागातल्या दोघांचे चेहरे पांढरे पडले. लायब्ररीतल्या एका सरांनी तर "माझी अजून चार वर्षं बाकी आहेत" असं हात जोडून सांगितलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. टेबलाचा कोपरा अजून उडालेला आहे.

पण बाईंची खरी आवड म्हणजे रांग. मंगळवारी सकाळी त्या आमच्या प्रशासकीय खिडक्यांसमोर विद्यार्थ्यांच्या रांगेत उभ्या राहतात. पहिल्या मंगळवारी त्या खिडकी क्रमांक तीनवर आल्या, स्वतःच्या ओळखपत्राचा अर्ज घेऊन. तिथे शेलारकाका बसतात. शेलारकाका अर्जाकडे पाहतात, माणसाकडे पाहत नाहीत. "फोटोमागे पांढरा पडदा हवा. हा निळा आहे. उद्या या," असं म्हणून त्यांनी कागद परत सरकवला. बाईंनी "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी खरंच आल्या. त्या दिवशी झेरॉक्सवर सही नव्हती. तिसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली. चौथ्या दिवशी काकांनी चुकून मान वर केली. त्यानंतर ते ओळखपत्र स्वतः घेऊन बाईंच्या केबिनपर्यंत धावत गेले, तर बाई म्हणाल्या, "अहो, माझा नंबर यायचा आहे अजून. मी येते ना." आणि ओळखपत्र त्यांनी पुढच्या मंगळवारी, सात मुलांच्या मागे उभं राहून घेतलं. काकांना रागावल्या नाहीत, की नोटीस काढली नाही. फक्त जाताना विचारलं, "आज जे आठवड्यानं मिळालं, ते पहिल्या दिवशी मिळायला काय लागलं असतं?" काकांनी त्यावर आठवडाभर विचार केला. आता त्यांच्या खिडकीवर काय काय आणायचं त्याची यादी लावलेली असते आणि ते माणसांकडेही पाहतात, थोडं तिरकं.

कॅन्टीनमध्येही तेच. ज्याचं लेक्चर असेल त्याला बाई पुढे सोडतात, म्हणून त्यांची पाळी येईतो पोहे संपलेले असतात. "बाई, तुम्ही उभ्या राहिलात की अख्खी रांग अवघडून उभी राहते," कॅन्टीनवाल्या मावशी एकदा वैतागून म्हणाल्या. "पोरं हसत नाहीत, भांडत नाहीत. चहासुद्धा हळू मागतात." बाईंनी मनापासून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवसापासून रांगेत उभं राहून स्वतःच एखाद्या पोराशी क्रिकेटवरून भांडण उकरून काढू लागल्या. त्यांना क्रिकेटमधलं काही कळत नाही. त्यामुळे भांडण लवकर पेटतं.

आणि त्या उत्तरासाठी थांबतात. हे सगळ्यांत अवघड. बाकीचे लोक प्रश्न विचारतात आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. माझ्यासारख्या मुलीचं आयुष्य याच सोयीवर चाललेलं असतं. बाई विचारतात आणि गप्प बसतात. चेहऱ्यावर घाई नाही, राग नाही, मदतीचं हसूसुद्धा नाही. मीटिंगमध्ये लोक त्या शांततेला घाबरून खरं बोलून टाकतात, असं कुलसचिव एकदा म्हणाले होते. माझ्यावर ती पाळी हिरुतमुळे आली.

हिरुत इथिओपियाची. आमच्याकडे दोन वर्षांचं एम.एस्सी. करून पास झालेली, आणि तिच्या गावाजवळच्या कॉलेजात शिकवण्याची नोकरी मिळालेली. महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं, पदवी प्रमाणपत्रासह. अडचण नावाची होती. त्यांच्याकडे आडनाव नसतं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. हिरुत अलेमू देस्ता. आमच्या फॉर्ममध्ये मात्र पहिला रकाना आडनावाचा, आणि तो भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही. मग आमचे कक्षाधिकारी सर शेवटचं नाव आडनाव समजून सर्वांत पुढे घालत, अगदी निगुतीनं, एकही रकाना रिकामा न ठेवता. प्रमाणपत्रावर आलं, देस्ता हिरुत अलेमू. तिच्या देशात ते वाचणाऱ्याला त्याचा एकच अर्थ लागतो: ही पदवी देस्ता नावाच्या माणसाची आहे. थोडक्यात, आम्ही तिच्या आजोबांना एम.एस्सी. केलं होतं.

"माझ्या आजोबांना लिहिता येत नव्हतं," हिरुत मला खिडकीतून म्हणाली होती. "त्यांना फार आनंद झाला असता. पण ताई, नोकरी मला हवी आहे." आमचं बोलणं इंग्रजीतच चालायचं, फक्त 'ताई' आणि 'उद्या या' तिनं मराठीत उचललं होतं. पाच वेळा ती आली. पाच वेळा मी अर्ज सरांकडे नेला. सर म्हणायचे, "अहो, आडनाव नाही असं माणूस असतं का कुठे? तिला म्हणावं, घरी नीट विचारून ये." मी खिडकीवर परत यायचे आणि तिला म्हणायचे, उद्या ये. सहाव्या वेळी तिच्या मागे रांगेत बाई उभ्या होत्या.

हिरुत गेली. बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हांला काय वाटतं?"

मी म्हटलं, "सर म्हणतात की…"

"सरांना मी विचारेन. तुमचं विचारते आहे."

आणि थांबल्या. मागे मुलं ताटकळली होती. मी स्टेपलरकडे पाहत राहिले. शेवटी म्हटलं, "तिचं बरोबर आहे." बाई म्हणाल्या, "दुपारी तीन वाजता या. सरांनाही घेऊन या."

तीन वाजता त्यांच्या खोलीत कुलसचिव होते, सर होते आणि मी होते, मांडीवर एक वही घेऊन. त्या वहीबद्दल कुणालाच माहीत नव्हतं. सर आपली बाजू सांगत होते, सिस्टिम घेत नाही, नियमात बसत नाही, आजवर कुणाची तक्रार नाही. बाईंनी ते सगळं ऐकलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ही पहिलीच आहे का?"

एवढाच प्रश्न. 'हो' म्हटलं असतं तर हिरुतचं एकटीचं काम झालं असतं, आणि मला कुणी काही बोललं नसतं. समोरच्या चहावर साय धरली. कुलसचिव खोकले. बाई थांबल्या होत्या. माझ्यासाठी इतका वेळ आजवर कुणीच थांबलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला ते मुळीच आवडलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "हिला धरून अकरा जण आहेत. मी नावं लिहून ठेवली आहेत."

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

सर माझ्याकडे वळले. चिडले असते तर सोपं गेलं असतं. "अगं, मग मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज दुखावलेला होता. सांगायला हवं होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू.

बाईंनी वहीसाठी हात पुढे केला. पानं उलटत म्हणाल्या, "मी पहिल्यांदा परदेशात गेले, तेव्हा तिथल्या ऑफिसनं माझं मधलं नाव पुढे घेतलं. चार वर्षं मी वडिलांच्या नावानं हजर होते. पत्रं त्यांच्या नावानं, दारावरची पाटी त्यांच्या नावाची. रोज पाहत होते आणि गप्प होते. नव्या माणसानं कशाला कटकट करायची, म्हणून." वही मिटून त्यांनी माझ्याकडे परत दिली. "तुमची दोनच वर्षं झाली. आता बाकीच्या दहाही जणांना तुम्हीच लिहा." मग सरांकडे पाहून, "आणि तुम्ही चूक मुद्दाम केली नाहीत, हे मला दिसतं आहे. पण रकाना माणसासाठी असतो ना हो?" सर हळूच म्हणाले, "असायला हवा, बाई." 'मॅडम' नव्हे. कुलसचिवांनी चमकून पाहिलं.

रकाना ऐच्छिक करायला तीन दिवस लागले. पहिली प्रत छापून आली ती 'लागू नाही हिरुत अलेमू देस्ता' अशी, कारण कॉम्प्युटरला काहीतरी भरल्याशिवाय राहवत नव्हतं. मी घाबरून ती हिरुतला दाखवली, तर ती खिडकीला धरून इतकी हसली की शेलारकाकाही खुर्ची सरकवून पाहायला आले. "म्हणजे आजोबा गेले आणि हे कोण नवीन आले?" ती म्हणाली. दुसरी प्रत बरोबर आली. महिना संपायला चार दिवस होते. रांगेत बाई नव्हत्या, मंगळवार नव्हता तो. मी नेहमीसारखा कागद काचेखालून सरकवणार होते, पण मग बाहेर गेले आणि तिचं नाव, तिच्या क्रमानं, मोठ्यानं घेतलं. माझा आवाज त्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच ऐकला. हिरुतनं कागद छातीशी धरला आणि जाताना सवयीनं म्हणाली, "ताई, उद्या या." पहाटे तिचं विमान होतं.

आणखी दहा जणांना मी पत्रं लिहिली, काय चुकलं आणि किती दिवस मला ते माहीत होतं, हे दोन्ही. नऊ जणांची उत्तरं आली. कुणी आभार मानले, एकानं चांगलंच सुनावलं, ते मी सरांना वाचून दाखवलं आणि आम्ही दोघांनी ऐकून घेतलं. वहीतलं पहिलं नाव मात्र राहिलं आहे. तो मुलगा शेवटचा आला होता तेव्हा त्याच्याही हातात नोकरीचं पत्र होतं, आणि मी त्याला उद्या ये म्हटलं होतं. तो परत आला नाही.

बाई अजूनही मंगळवारी येतात. रांगेत उभ्या राहतात, पाळी आली की काचेशी वाकून विचारतात, "आलं का हो उत्तर?"

"नाही, बाई."

"पुन्हा लिहिलंत?"

"कालच लिहिलं."

"बरं," त्या म्हणतात, आणि मागच्या मुलाला पुढे येऊ देऊन जरा बाजूला, खिडकीपाशीच उभ्या राहतात. त्यांना वर केव्हाच बोलावलेलं असतं, फोन वाजत असतो. मी मेलची पेटी पुन्हा एकदा उघडून पाहते. आम्ही दोघी थोडा वेळ थांबतो.